बुक क्लब सोडत का नाही, म्हणून विचारलंस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दर वेळी पार्किंगच्या नावाने बोटं मोडतोस, मग तो बुक क्लब सोडून का देत नाहीस, असं तू रोखठोक विचारलंस. फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येच हसतोस, म्हणून पत्र.

आधी कुरकुर उरकतो. बैठक असते संध्याकाळी, एका सदस्याच्या घरी. कामावरून परतलेल्या लोकांनी तोवर रस्ता भरून टाकलेला असतो. लांबून रिकामी दिसणारी जागा जवळ गेल्यावर रिकामी नसते, मोठ्या गाडीच्या आडोशाला एखादी स्कूटर उभी असते. कुणी दोन गाड्यांच्या जागेत बरोब्बर मधोमध एकच लावून गेलेला असतो. त्याच्याबद्दल मला काय वाटतं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. आणि सगळ्यात छळणारा माणूस म्हणजे गाडीत बसलेला पण न निघणारा. आपण इंडिकेटर लावून आशेने थांबायचं आणि त्याने निवांत फोन बघायचा. मला वाटायचं, हे माझ्याच नशिबी. पण अमेरिकेत रुबॅक आणि जुएंग या दोघा अभ्यासकांनी चक्क घड्याळ लावून हे मोजलंय. १९९७ साली त्यांचा लेख आला. कुणी वाट बघत नसेल तर माणूस सरासरी ३२ सेकंदांत गाडी काढतो, कुणी थांबलेलं दिसलं की ३९ सेकंद लावतो आणि हॉर्न वाजवला तर ४३! तेव्हापासून मी हॉर्नला हात लावत नाही. सौजन्य वगैरे काही नाही, हिशोब आहे.

तर अशा फेऱ्या मारून, लांब कुठेतरी गाडी लावून, घामाघूम होऊन मी आत जातो, तेव्हा चर्चा सुरू झालेली असते आणि माझं डोकं तापलेलं असतं. त्या दिवशीच्या लेखकाचं काही खरं नसतं.

मध्यंतरी आम्ही व्हिडिओ कॉलवर भेटून पाहिलं. गाडी लावायचा प्रश्नच मिटला. पण मजाही गेली. एकेकाने आपली पाळी आली की बोलायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. कुणी कुणाला तोडेना. मला तर तोडलं जायची सवय झाली आहे! ऑफिसात इतकी वर्षं कुणी माझं वाक्य अडवलं नाही. इथे आमच्यातली सर्वांत लहान मुलगी मला विचारते, "काका, पुस्तक वाचलंत की नुसता मागचा मजकूर?" घरी मी बाप, ऑफिसात साहेब, इथे मी फक्त त्या महिन्यात काय वाचलं आणि काय पटलं नाही तेवढाच. हे सोडवत नाही रे.

शिवाय खरी बैठक संपते ती गाड्यांपाशी. आत तोंडातून शब्द न काढणाऱ्या एक बाई आहेत. त्यांचीही गाडी नेहमी लांब असते, त्यामुळे परतताना आमची सोबत होते. पुस्तकातली आई सगळ्यांना प्रेमळ वाटली, त्यांना ती भित्री वाटली होती. का, तेही त्यांनी सांगितलं. किल्ली हातात, दार उघडं, आणि आम्ही तसेच उभे. सांगितलेलं त्यांच्या स्वतःच्या घरातलं होतं, म्हणून इथे लिहीत नाही.

एक गृहस्थ मात्र याच पार्किंगपायी यायचे थांबले. विचारलं की सांगायचे, "वेळ नाही"; खरं कारण गुडघे. एवढं चालणं होईना, आणि ते बोलूनही दाखवेनात. कळल्यावर यजमानांनी युक्ती काढली. आपली गाडी दुपारपासून दारासमोर रस्त्यावर लावून ठेवायची आणि हे आले की ती आत घेऊन त्यांना जागा द्यायची. रस्त्यावरची फुकट जागा अडवणं हे डोनाल्ड शूप यांना रुचलं नसतं. पार्किंगच्या अर्थशास्त्रावर या प्राध्यापकांनी आयुष्य घालवलं. म्हणायचे, रस्त्यावर पार्किंगचे पैसे इतके घ्या की प्रत्येक टप्प्यात एखाद-दुसरी जागा मोकळी राहील. ते स्वतः सायकलने विद्यापीठात जात. असो. नियम मलाही कळतो, पण ते गृहस्थ परत आले आणि आल्या आल्या सगळ्यांशी भांडले, याचा मला फार आनंद झाला.

पुढच्या महिन्यात तू इकडे येणारच आहेस तर बैठकीला चल. पुस्तक जाडजूड आहे, पण घाबरू नकोस. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा नियम आहे: पन्नास पानं वाचून नाही आवडलं तर पुस्तक खुशाल सोडा, आणि पन्नाशी उलटली असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं पुरे. आपण साठीला टेकलो, म्हणजे चाळीस. तेवढी वाचून ये, आणि कृपा करून गाडी आणू नकोस.

तुझाच,
मित्र