चालायला वाट, बसायला सावली : साताऱ्याच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री, सातारा जिल्हा
तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती

विषय : गावोगावच्या बागा, मैदाने आणि पायवाटांच्या देखभालीसाठी जिल्हा वार्षिक योजनेत कायम तरतूद करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. जिल्हा वार्षिक योजनेचा पुढचा प्रारूप आराखडा आपल्यासमोर येईल, तेव्हा त्यात रस्ते असतील, पूल असतील, शाळाखोल्या, आरोग्य केंद्रं, बंधारे असतील. ते सगळं हवंच आहे. त्याच आराखड्यात आणखी एका गोष्टीला जागा मिळावी म्हणून हे पत्र लिहिते आहे. गावातल्या माणसाला चालायला सुरक्षित वाट हवी, घटकाभर टेकायला सावली हवी, आणि एकदा केलेली बाग पुढच्या पावसाळ्यानंतरही बागच राहायला हवी. माझी मागणी बांधण्याची कमी आणि राखण्याची जास्त आहे. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवून निवृत्त झाले आणि कोरेगाव तालुक्यात राहते.

गावाला बागेची काय गरज, सगळीकडे रानच तर आहे, असं आपल्याला पुष्कळ लोक सांगतील. मलाही सांगतात. त्यांनी ऊसतोडीच्या हंगामात पहाटे साडेपाचला आमच्या रस्त्यावर यावं. साखर वाढली, रक्तदाब वाढला, म्हणून डॉक्टरांनी रोज अर्धा तास चाला असं बजावलेल्या बायका तिघी-चौघींनी मिळून बाहेर पडतात. अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ, एकीच्या हातात मोबाइलची बॅटरी. रान चारी बाजूंना आहे, पण ते ज्याचं त्याचं आहे. बांधावरून जावं तर बांध वीतभर उरलेत, आणि दोन्हीकडे पुरुषभर उंचीचा ऊस. मग राहतो डांबरी रस्ता. मागून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येतो, मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, मोळ्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेल्या असतात. बायका साइडपट्टी सोडून चरात उतरतात आणि तो गेला की पुन्हा वर येतात. त्याच रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरंपोरी पळत असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. अपशिंगे मिलिटरीसारखी घरोघरी सैनिक देणारी गावं ज्या जिल्ह्यात आहेत, त्या जिल्ह्यातल्या लेकरांनी वाहनं चुकवत सराव करावा, हे मला बघवत नाही.

हे असं का झालं, त्याचं एक मूळ कागदावर आहे. १९९२ च्या दोन घटनादुरुस्त्यांनी गावांना आणि शहरांना अधिकारांची स्वतंत्र यादी दिली. शहरांच्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यात सामाजिक वनीकरण आहे, ग्रंथालयं आहेत, बाजार आणि जत्रा आहेत, सामुदायिक मालमत्तेची देखभालही आहे. बाग मात्र नाही. ग्रामपंचायतीला बाग करायला कुणी मनाई केलेली नाही, पण ते तिचं ठरलेलं काम आहे असंही कुणी मानत नाही. ज्या यशवंतरावांच्या काळात महाराष्ट्रात पंचायत राज आलं, त्यांची समाधी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर आहे आणि तिथली बाग जिल्ह्यातली लाडकी बाग आहे. आसपासच्या गावांतली माणसं सुट्टीच्या दिवशी लेकरांना घेऊन तिथं येतात, कारण त्यांच्या गावात तसं बसण्यासारखं काही नसतं.

पैसा येतच नाही, असं मी म्हणणार नाही. क्रीडांगण विकास अनुदान आहे, व्यायामशाळेचं अनुदान आहे, आमदार निधी आहे, क वर्ग यात्रास्थळांची तरतूद आहे, नावीन्यपूर्ण योजनांचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, आहे. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधीही येतो. त्यातून जे उभं राहतं, ते माझ्या ओळखीच्या एका गावात कसं आहे ते सांगते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आपल्या जिल्ह्यात अशी गावं शोधावी लागणार नाहीत. ग्रामपंचायतीमागच्या मोकळ्या जागेला तारेचं कुंपण आहे, दर्शनी बाजूला कमान आहे, आत पेव्हर ब्लॉक आणि ओपन जिमची यंत्रं. पाण्याचं कनेक्शन अंदाजपत्रकात धरलेलंच नव्हतं, त्यामुळे पहिल्याच उन्हाळ्यात रोपं वाळली. झोपाळ्याची एक साखळी तुटली आणि दुसरी कुणीतरी काढून नेली. पायानं ढकलायच्या यंत्राचं बेअरिंग गंजून अडकलं, आता त्यावर बायका गोधड्या वाळत घालतात. पेव्हरच्या फटींतून गाजरगवत उगवलंय. फाटकाला कुलूप आहे, किल्ली कुणाकडे ते विचारल्यावर तिघांनी तीन नावं सांगितली. लोकार्पणाचा ग्रॅनाइटचा फलक तेवढा चकचकीत आहे.

यात सरपंचांना दोष देऊन भागत नाही. देखभालीचा पैसा त्यांनी आणायचा कुठून? पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातली ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेली होती. उरलेल्या ४० टक्क्यांतून गावाला आपल्या गरजेचं काम करता येत होतं, पण पगार आणि आस्थापनेवर खर्च करायला बंदी होती. म्हणजे बाग बांधता येते आणि माळी ठेवता येत नाही. छोट्या ग्रामपंचायतीच्या घरपट्टी-पाणीपट्टीतून पाणी सोडणाऱ्याचा पगार निघता निघत नाही, तिथं बागेला कोण विचारतो? २०२३ साली 'मेरी माटी मेरा देश' अभियानात गावोगाव ७५ देशी रोपांच्या अमृतवाटिका लावायच्या होत्या. आपण एकदा फक्त एवढंच मागवा : जिल्ह्यातल्या प्रत्येक गावातून, त्या ७५ पैकी आज किती झाडं उभी आहेत आणि त्यांना पाणी कोण घालतं.

उपाय सरकारच्या हाताशीच आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची निविदा निघते, तेव्हा पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा करारही तिच्यात असतो. डांबराला जे लागू आहे ते झाडाला का नको? जिल्हा नियोजन समितीतून बाग, मैदान किंवा पायवाटेचं काम मंजूर होताना पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम त्याच मंजुरीत धरावी, ती वेगळ्या खात्यात ठेवावी, आणि ते काम गावातल्या महिला बचत गटाकडे वर्षाच्या करारानं द्यावं. गवत कापणं, पाणी घालणं, झोपाळ्याला ग्रीस लावणं, सकाळ-संध्याकाळ फाटक उघडणं. त्या बायकांना मोबदला मिळेल आणि किल्ली कुणाकडे हेही गावाला कळेल. ज्या कामात पाण्याची सोय आणि देखभालीची रक्कम दाखवलेली नाही, ते मंजूरच करू नये. मग कामं कमी झाली तरी चालतील. दहा गावांत कमानी उभ्या राहण्यापेक्षा चार गावांत सावली उभी राहिलेली मला जास्त मोलाची वाटते.

आता पायवाटांबद्दल, कारण खरी संपत्ती तिथं आहे. नव्या वाटा काढायची गरजच नाही. प्रत्येक गावच्या नकाशात त्या काढलेल्या आहेत. तुटक दुबार रेषेचा गाडीमार्ग, तुटक एकेरी रेषेची पायवाट. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. प्रत्यक्षात जाऊन पाहिलं तर कुठे ती नांगराखाली गेलीय, कुठे घाणेरीच्या जाळीत बुजलीय, कुठे कुणी आडवी तार ठोकलीय. अडवलेली वाट मोकळी करून देण्याचे अधिकार तहसीलदारांना मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ पासून आहेत. २०२१ मध्ये आलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेत-पाणंद रस्त्यांची कामंही झाली, आणि ट्रॅक्टर शेतापर्यंत जायलाच हवा. पण एकेरी रेषेकडे कुणी बघत नाही. जावळीत, पाटणमध्ये, महाबळेश्वरच्या खोऱ्यांत वाडीवरची मुलं शाळेला आणि म्हातारी माणसं एसटीला याच वाटांनी येतात. पावसात निसटलेला एक दगड बसवायला कुठलंच लेखाशीर्ष नाही.

इंग्लंडमध्ये १९४९ च्या एका कायद्यानं खेड्यापाड्यांच्या काउंटी परिषदांना सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा तयार करायला लावला. नकाशावर आलेली वाट शेतातून जात असली तरी चालणाऱ्याचा हक्क कायम राहतो. आपल्याकडे नकाशा आधीपासून आहे, तो फक्त कपाटात आहे. तहसीलदार आणि भूमी अभिलेख कार्यालयानं मिळून एका तालुक्यापासून सुरुवात करावी. गावनकाशावरची प्रत्येक पायवाट जमिनीवर तपासावी, ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि चावडीवर लावावी. सुरुवात जावळीपासून झाली तर उत्तम.

शेतकऱ्याच्या मनातली भीती मी ओळखते, माझ्या भावकीतही ती आहे. वाट उघडली की बाहेरची माणसं येणार, मोटारसायकली घुसणार, आंबे तोडले जाणार, बाटल्या आणि पिशव्या बांधावर पडणार. ही भीती खोटी नाही. म्हणून नकाशात नाही अशी एकही वाट कुणाच्या रानातून काढू नये. वाटेच्या तोंडाला माणूस जाईल आणि गाडी अडेल असा दगडी अडसर असावा. आणि हात जोडून सांगते, पायवाटेवर काँक्रीट टाकू नका. वाटेला पावसाळ्याआधी पाणी काढून देणारे आडवे चर लागतात, पावसानंतर झाडोऱ्याची छाटणी लागते, चढावर कोरड्या दगडांच्या पायऱ्या लागतात. ही कामं गावातल्या हातांना येतात आणि रोजगार हमीत बसवण्यासारखी आहेत.

चालणाऱ्याचा मान राखायची रीत या जिल्ह्यात जुनीच आहे. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत जाते, चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण होतं. त्या पालखी मार्गाचं चौपदरीकरण ठरलं, तेव्हा वारकऱ्यांना पायी चालायला कडेनं वेगळा मार्ग असेल असं सरकारनं जाहीर केलं. चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी चढतात तेव्हा अख्खा माण तालुका बघायला लोटतो. वारीच्या आणि यात्रेच्या दिवसांत चालणाऱ्याची जी काळजी घेतली जाते, ती उरलेल्या वर्षातही घ्यावी एवढंच म्हणणं आहे.

आणि राखणं जमतं, हे कासनं दाखवलंय. २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत कासचं पठार जागतिक वारशात गेलं आणि गर्दीनं फुलं तुडवली जायला लागली. वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी मिळून प्रवेश शुल्क लावलं, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घातली, ऑनलाइन नोंदणी आणली. फुलांच्या हंगामात तिथं उभे राहून पर्यटकांना वाटेवर ठेवणारे लोक त्याच गावांतले आहेत. तक्रारी तिथंही झाल्या, वाहनतळापासून कुंपणापर्यंत. पण पठारावर येणारा पैसा पठार राखण्यासाठी वापरायचा, हा हिशेब तिथं बसवला गेला. सगळ्या वाटा पैसे मिळवणार नाहीत आणि मिळवूही नयेत. गावच्या माणसाला गावच्या वाटेवर तिकीट नको. पण जिथं पर्यटक येतात तिथल्या उत्पन्नाचा काही भाग त्याच तालुक्यातल्या बिनउत्पन्नाच्या वाटांकडे वळवता येईल.

त्यात आता नवीन महाबळेश्वर प्रकल्प आला आहे. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या २३५ गावांसाठी रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमलं, पुढे आणखी गावं जोडली गेली. प्रकल्प असावा की नसावा यावर लोकांची मतं आहेत, माझंही आहे, ते आज बाजूला ठेवते. पण पर्यटकांसाठी आराखडा होत असेल, तर त्या गावांच्या जुन्या पायवाटा, पाणवठे, देवराया आणि गायरानं त्यावर आधी दाखवावीत. एकदा रिसॉर्टचं कुंपण पडलं की वाट परत मागायला माणसाला कोर्टात जावं लागतं.

शहरांच्या कडेची गावं हा आणखी एक तातडीचा विषय. साताऱ्याभोवती, कऱ्हाडभोवती एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉटिंग झपाट्यानं वाढतंय. ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात (लेआउटमध्ये) १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावीच लागते, तसा नियम आहे. कागदावर ती असते. प्रत्यक्षात तिथं खडीचा ढीग, नाहीतर कचरा. या सगळ्या मोकळ्या जागांची एक यादी करून ग्रामपंचायतींना दिली, तर नवी जमीन न घेता कितीतरी मैदानं हाती लागतील.

महोदय, आराखडा अंतिम होण्याआधी दोन गोष्टी व्हाव्यात. एक, बागा, मैदानं आणि पायवाटांच्या देखभालीचं वेगळं लेखाशीर्ष समितीच्या बैठकीत चर्चेला ठेवावं. पहिल्या वर्षी रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दरवर्षी यावी आणि ३१ मार्चच्या घाईत पेव्हर ब्लॉकवर जाऊ नये. दुसरी, जिल्हा परिषदेतल्या एका अधिकाऱ्याकडे या कामाची जबाबदारी नावानिशी द्यावी आणि ते नाव प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावं, म्हणजे झोपाळा तुटला की कुणाला फोन करायचा हे गावाला कळेल. या दोन्ही मुद्द्यांवर समितीत काय ठरलं, ते पुढच्या ग्रामसभेत आम्हाला वाचून दाखवलं जावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
कोरेगाव तालुका, जि. सातारा