दिवसाची वीज आधी शेताला, मग सर्व्हरला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात हल्ली दर थोड्या दिवसांनी डेटा सेंटरची, म्हणजे इंटरनेटचे सर्व्हर चालवणाऱ्या इमारतींची, एक तरी बातमी असतेच. इतक्या हजार कोटींचा करार झाला, अमुक कंपनी नवी मुंबईत येतेय, मुंबई देशाची डेटा राजधानी होणार वगैरे. जानेवारी २०२५ मध्ये दावोसच्या परिषदेच्या वेळी अॅमेझॉनने महाराष्ट्रासाठी ८.३ अब्ज डॉलर जाहीर केले तेव्हाही सगळीकडे तेच. या बातम्यांत पैशाचा आकडा ठळक असतो, मेगावॅटचा कुठेतरी शेवटी असला तर असतो आणि पाण्याचा तर मी अजून एकदाही वाचलेला नाही. त्यासाठीच हे पत्र लिहितोय, जरा लांबलंय पण कृपया छापा.

मी भांडुपला राहतो, इलेक्ट्रिकलची कामं करतो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात पॅनल, केबल, जनरेटरच्या मेंटेनन्सची कामं कॉन्ट्रॅक्टवर घेतो, त्यामुळे या बिल्डिंगा आतून बघितल्यात. गाव जुन्नर तालुक्यात, तिकडे थोरला भाऊ शेती बघतो, कांदा, टोमॅटो आणि थोडा ऊस. म्हणजे विजेचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं दादाच्या, आणि या दोन टोकांना जी वेगवेगळी वागणूक मिळते ती मला रोज दिसते.

डेटा सेंटरला वीज एक सेकंद गेलेली चालत नाही. दोन बाजूंनी दोन लाइनी येतात, मध्ये यूपीएसची बॅटरी, त्याच्यामागे डिझेल जनरेटरची रांग, आणि यंत्रं गरम होतात म्हणून चिलर चोवीस तास चालू. त्याबद्दल माझी तक्रार नाही, बँक, रेल्वेचं तिकीट, हॉस्पिटलचे रिपोर्ट सगळं त्यावरच चालतं. पण दादाच्या फीडरला (सबस्टेशनवरून शेतीला वीज आणणारी लाइन) पंप चालवायला लागणारी थ्री फेज वीज आठवड्यात काही दिवस दिवसा आणि बाकीचे दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की हा माणूस टॉर्च घेऊन उसात पाण्याची दारं धरायला जातो, आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर इकडे उसात बिबटे राहतात हे आता मुंबईतल्या लहान पोरालाही माहीत आहे. साप-विंचू वेगळेच. वहिनी तो परत येईपर्यंत जागी असते. दिवसा वीज द्या म्हणून शेतकरी किती वर्षं मोर्चे काढतायत. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकारने माफ केलं, चांगलंच केलं, पण रात्री दोन वाजता फुकट मिळालेली वीज घेऊन माणसाने बिबट्यासमोर जायचं हे काही बदललं नाही.

यावर उपाय आहे आणि तो आपल्याच राज्यात चालू झालाय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. सबस्टेशनच्या जवळ पडीक जमिनीवर सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज थेट त्याच भागातल्या शेतीच्या फीडरला द्यायची. सूर्य दिवसा असतो, पाणी दिवसा लागतं, दोन्हीचा मेळ आपोआप बसतो, बॅटरी नको की लांबची लाइन नको. सुरुवातीला राळेगणसिद्धीला प्रयोग झाला, मग २०२३ ला योजनेचा दुसरा टप्पा आला आणि त्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला. फक्त ३ मेगावॅटचा, पण दीड हजाराहून जास्त शेतकऱ्यांना दिवसा वीज. जमीन विकायची नाही, भाड्याने द्यायची, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. सात-बारा मालकाच्या नावावर राहतो. मला विचाराल तर गेल्या कित्येक वर्षांत शेतकऱ्यासाठी झालेलं विजेचं सर्वात शहाणपणाचं काम हेच.

आता तिकडचा हिशोब बघा. १०० मेगावॅटचं एक डेटा सेंटर पूर्ण लोडवर वर्षभर चाललं तर साधारण ८७ कोटी युनिट खातं. आपल्याकडे १ मेगावॅट सौर पॅनल वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट देतं. म्हणजे तेवढी वीज सूर्यापासून काढायची तर साडेपाचशे मेगावॅटच्या आसपास पॅनल लागतील, मेगावॅटला चार-पाच एकर धरले तर दोन हजार एकरांच्या वर जमीन. धोंदलगावसारखे एकशे ऐंशीच्या आसपास प्रकल्प एका बिल्डिंगीसाठी! आणि देशातल्या डेटा सेंटरांची निम्म्याच्या आसपास क्षमता आपल्या मुंबई-नवी मुंबई पट्ट्यात आहे, त्यावर अजून येणार आहेत. हे पॅनल मलबार हिलवर लागणार नाहीत, ते धुळे, सोलापूर, मराठवाड्यात लागणार.

कंपन्या सांगतात आम्ही शंभर टक्के हिरवी वीज वापरतो. हे शंभर टक्के कसं मोजतात ते वाचकांना कळलं पाहिजे. वर्षभरात जेवढी युनिट खाल्ली तेवढी सौर किंवा पवनची युनिट कुठेतरी खरेदी केली की वर्षाच्या शेवटी हिशोब जुळला. पण रात्री नऊ वाजता सर्व्हर चालू असतात तेव्हा धुळ्याच्या पॅनलवर अंधार असतो, त्या वेळची वीज कोळशाचीच जास्त. त्यांच्याच अहवालात बघा ना, गुगलचं कार्बन उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत २०२३ मध्ये ४८ टक्के वाढलेलं होतं, मायक्रोसॉफ्टचं २०२० पासून २९ टक्के, आणि दोघांनीही डेटा सेंटर हे कारण दिलंय. आयर्लंड केवढासा देश, तिथे २०२३ मध्ये देशाच्या एकूण विजेतली २१ टक्के डेटा सेंटरांनीच वापरली, शहरांतल्या सगळ्या घरांपेक्षाही जास्त. जगभराचा आकडा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था देते, २०२४ मध्ये ४१५ अब्ज युनिटच्या आसपास आणि २०३० पर्यंत दुपटीच्या वर जाईल असा त्यांचा अंदाज.

कोळसा म्हटलं की मुंबईकराने लांब बघायची गरज नाही, चेंबूर-माहुलच्या लोकांना विचारा. तिथल्या ट्रॉम्बे वीजकेंद्रातल्या कोळशावरच्या संचांचे वीज करार २०२४ ला संपत होते, त्यांना आणखी पाच वर्षं मुदत मिळाली. शहराची मागणी वाढतेय आणि बाहेरून वीज आणायच्या लाइनी अपुऱ्या आहेत हे त्याचं कारण. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघ्याच्या बाजूच्या लाइनी बंद पडून अख्खी मुंबई अंधारात गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या, ते सगळ्यांच्या लक्षात असेल, त्यामुळे शहराजवळ वीज तयार व्हायला हवी हे मी समजू शकतो. मागणी एकट्या डेटा सेंटरमुळे वाढली असंही नाही, एसी आहेत, मेट्रो आहे, टॉवर आहेत. पण ज्या भागातली हवा आधीच रिफायनऱ्यांनी खराब केलीय, जिथे राहायला पाठवलेल्या प्रकल्पग्रस्तांना हायकोर्टापर्यंत जावं लागलं, तिथली चिमणी चालूच ठेवायची आणि त्याच वेळी सर्वात मोठ्या नव्या गिऱ्हाईकाला सवलत द्यायची, हे कुठल्या हिशोबात बसतं? हो, सवलतच. राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणात डेटा सेंटरला वीज शुल्कात माफी आहे, मुद्रांक शुल्कात माफी आहे. भांडुपच्या चाळीतला माणूस आपल्या बिलात हे शुल्क दर महिन्याला भरतो.

दुसऱ्याच्या जमिनीवर आपली वीज काढायची ही या शहराची सवय जुनी आहे आणि तिचा इतिहास मुंबईत फार कमी लोकांना माहीत असतो. गिरण्यांना वीज हवी म्हणून शंभर वर्षांपूर्वी टाटांनी सह्याद्रीत धरणं बांधली. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, मग भिवपुरी, मग भिरा. भिऱ्यासाठी मुळशीला धरण होणार म्हटल्यावर मावळातले शेतकरी १९२१ ला सत्याग्रहाला बसले, त्यांची उत्तम भातशेती पाण्याखाली जाणार होती, सेनापती बापटांनी त्यांच्यासाठी तुरुंगवास भोगला. धरण झालंच. भीमेच्या खोऱ्यातलं पाणी घाट उतरवून कोकणात सोडलं, ते आजही तसंच जातं, आणि खाली सोलापूरपर्यंतचा शेतकरी उन्हाळ्यात आभाळाकडे बघतो. ती वीज धुराची नव्हती, आजच्या भाषेत ती स्वच्छच होती. पण ज्याची जमीन गेली त्याला ती किती स्वच्छ वाटली असेल याचा विचार गिरणीच्या मालकाने केला नव्हता, आणि गिरणीत राबणाऱ्या आमच्यासारख्यांच्या आज्या-पणज्यांना कुणी विचारलंही नव्हतं. आता त्याच टाटांच्या तलावांवर भिवपुरी आणि शिरवट्याला मिळून २८०० मेगावॅटचे पंप स्टोरेज प्रकल्प ठरलेत, दिवसा सौर विजेने पाणी वर चढवायचं आणि रात्री खाली सोडून वीज काढायची. तंत्र म्हणून चांगलं आहे, रात्रीच्या कोळशाला खरा पर्याय तोच. म्हणूनच तिथली वीज कुणाला मिळणार हे आधी ठरायला हवं.

ऐरोली-रबाळेचंही तसंच. आज जिथे काचेच्या बिल्डिंगा आहेत तिथे आगरी-कोळ्यांची भातशेती आणि मिठागरं होती. एमआयडीसीला जमिनी गेल्या, सिडकोला गेल्या, जानेवारी १९८४ मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनात जासई-दास्तान आणि नवघरला गोळीबारात पाच जण गेले तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क मिळाला. तेव्हा जमिनीच्या बदल्यात निदान कारखान्यात नोकरी होती, एका केमिकल कंपनीत शेकड्याने माणसं लागायची. डेटा सेंटर बांधताना गर्दी असते पण एकदा चालू झालं की आत फार माणसं नसतात. सिक्युरिटी, हाउसकीपिंग, चिलरवाला, इलेक्ट्रिशियन, त्यातले बहुतेक कॉन्ट्रॅक्टवर. मी स्वतः ज्या एका ठिकाणी काम केलं तिथे रात्रपाळीच्या पोरांना बारा-बारा तास उभं ठेवायचे आणि पगार दोन-दोन महिने लटकायचा, बाहेर बोर्डवर मात्र पर्यावरणाची मोठी वचनं. पाणी एमआयडीसीचं, ते बारवी धरणातून येतं. त्या धरणाची उंची वाढवली तेव्हा मुरबाडकडची गावं उठली. आणि तानसा, भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो, हेही सगळ्यांना माहीत आहे. अशा जिल्ह्यात यंत्रं थंड करायला किती पाणी लागतंय हे कंपनीचं गुपित कसं काय असू शकतं?

शेतकऱ्याला यातून काय मिळणार असं विचारलं की हल्ली एआयचं नाव घेतात. राज्याने २०२५ मध्ये महाअॅग्री-एआय धोरण आणलंय, पाचशे कोटींची तरतूद आहे, बारामतीला मायक्रोसॉफ्टच्या मदतीने उसावर प्रयोग चालू आहेत. जमिनीतला ओलावा बघून नेमकं पाणी द्यायचं, खत कमी टाकायचं, हे वाईट नाही, दादालाही त्यात इंटरेस्ट आहे. पण अॅपने सांगितलं सकाळी दहाला पाणी द्या आणि फीडरला थ्री फेज रात्री बाराला येणार असेल तर त्या सल्ल्याचं शेतकऱ्याने करायचं काय? ई-पीक पाहणीच्या (पिकाची मोबाइलवरून नोंद करायच्या) वेळी सर्व्हर चालत नाही म्हणून लोक बांधावर मोबाइल धरून उभे असतात. आणि शेताची सगळी माहिती, माती, पाणी, उत्पन्न, ही एकदा कंपनीकडे गेली की ती व्यापाऱ्याला, विमा कंपनीला विकली जाणार नाही याची हमी कोण देतंय? कांद्याचा भाव पडणार हे शेतकऱ्याच्या आधी व्यापाऱ्याला कळायला लागलं तर ती माहिती त्याच्याच विरोधात वापरल्यासारखं होईल.

धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील आठवतात का? वीज प्रकल्पासाठी पाच एकर जमीन गेली, मोबदला चार लाखांच्या आसपास, शेजारच्यांना त्याहून कितीतरी जास्त. ऐंशी पार केलेला तो माणूस जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात आला आणि तिथेच विष प्यायला, काही दिवसांनी जेजे हॉस्पिटलमध्ये वारला. मंत्रालय आपल्याच शहरात आहे. सौरऊर्जेसाठी जमिनी घ्यायचा वेग आता तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की राज्यातला प्रत्येक शेती फीडर दिवसा चालू होईपर्यंत नव्या डेटा सेंटरला वीज शुल्काची माफी देऊ नये, आणि ज्यांना आधीच दिलीय त्यांच्याकडून किती वीज, किती पाणी, रात्रीची वीज कुठून, हे दर तीन महिन्यांनी जाहीर करून घ्यावं. सौर जमीन भाड्याच्याच तत्त्वावर घ्यावी. जिथे जमेल तिथे पॅनल उंच उभे करून खाली पीक घेता येतं, परभणीच्या कृषी विद्यापीठात असा प्रयोग झालाय, त्याला पैसा द्यावा. मोठ्या कंपन्यांना हिरवी वीज हवीच असेल तर त्यांनी स्वतःच्या खर्चाने बॅटरी आणि स्टोरेज उभं करावं, त्यांना ते परवडतं, दादाला परवडत नाही.

आणि आपल्याकडे एक विनंती. वीज नियामक आयोगाचं ऑफिस कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये आहे, तिथे दरवाढीच्या अर्जांवर सामान्य ग्राहकालाही हरकत नोंदवता येते, पण ती जाहिरात बारीक अक्षरात येते आणि सुनावणीला कंपन्यांचे वकील सोडले तर फार कुणी नसतं. पुढची सुनावणी लागेल तेव्हा तारीख आणि हरकत कशी पाठवायची हे आपल्या पेपराने ठळक छापावं, आणि एक बातमीदार तिथे दिवसभर बसवावा. गुंतवणुकीच्या बातमीत कोटींच्या शेजारी मेगावॅट आणि लिटरसुद्धा छापायला सुरुवात करा. जुन्नरहून दादा आणि त्याच्या फीडरवरचे अजून काही जण हरकत पाठवायला तयार आहेत, मी त्यांचे अर्ज लिहून देणार आहे.

आपला,
एक वाचक, भांडुप (पूर्व), मुंबई