मंगळाईच्या बुरुजावरून

सातारा,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय नंदास,

सप्रेम नमस्कार.

दसऱ्याला तुझा फोन येऊन गेला आणि मी उलट केला नाही, याचा राग तू धरला असशील तर तो योग्यच आहे. पण आज सकाळी जे घडले ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. इकडे सर्व ठीक; सासूबाईंचा गुडघा होता तसाच आहे, माझी साखर आटोक्यात आहे.

पहाटे साडेपाचला उठले तर मुक्ताची खोली रिकामी. पांघरुणाची घडी घातलेली, आणि देवापुढे वहीच्या कागदावर एक ओळ : ‘किल्ल्यावर जाते, आठपर्यंत येते.’ फोन चार्जिंगलाच होता. तो कागद हातात धरला आणि मला माझी मुलगी नव्हे, तू आठवलीस. बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत तूही अशीच चिठ्ठी लिहिली होतीस आणि माझ्याकडे विश्वासाने दिली होतीस. ती काकूंच्या हाती कशी लागली, हे तू इतक्या वर्षांत कधी विचारले नाहीस. ती मीच दिली, नंदा. गडाखालच्या ‘चार भिंती’ स्मारकापाशी दादाने तुला गाठून घरी आणले आणि मग वर्षभर तुझे क्लास सोडून कोठेही जाणे बंद झाले, ते माझ्यामुळे. आपल्या त्या वेळच्या भांडणात मी तुलाच बेजबाबदार म्हटले होते.

आज मीही निघाले. गाडीने बोगद्यावरून वर जाता आले असते, पण मुक्ता पायवाटेने उतरायला लागली तर चुकामूक होईल म्हणून चढूनच गेले. पंचवीस वर्षांत पाहुण्यांना घेऊन गाडीने दरवाजापर्यंत जाण्यापलीकडे मी अजिंक्यताऱ्यावर गेले नव्हते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३३०० फूट उंचीचा गड, पण गावातून पाहिला तर हजार फुटांचाही चढ नाही; तरीही दोनदा बसावे लागले. गवत अजून कमरेएवढे होते, टोके नुकती पिवळी पडू लागलेली, आणि कडेच्या सोनकीवर इतके दव होते की साडीचा काठ भिजून जड झाला. घाबरलेली असूनही हे सारे मला दिसत होते, याचे आता नवल वाटते.

ती मंगळाईच्या बुरुजावर एकटीच बसली होती. मी रागावण्यासाठी तोंड उघडले, पण दम लागल्यामुळे शब्द फुटेना, आणि तेवढ्या वेळात जरंडेश्वराच्या मागून सूर्य वर आला. खाली माहुलीच्या संगमापाशी कृष्णा आणि वेण्णा दोन्ही धुक्याखाली होत्या. नद्या दिसत नव्हत्या, पण त्यांची वळणे धुक्याने नेमकी आखून दाखवली होती. पश्चिमेला यवतेश्वराचे पठार उजळत होते, आणि ईशान्येला कल्याणगड आणि चंदन-वंदनचे जोडकिल्ले एकामागून एक अंधारातून बाहेर येत होते. मुक्ता म्हणाली, “आई, त्या दोघांतला उंच तो वंदन ना?” नंदा, उंच तो चंदन असे मी शपथेवर सांगत असे आणि तू माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होतास. उंच तो वंदनच. तुझे बरोबर होते, हे लेखी देत आहे.

मग तिने मला १७०० सालच्या वेढ्याची हकिगत सांगितली, की औरंगजेबाच्या फौजेने याच बाजूला सुरुंग लावले आणि त्यांतला एक त्यांच्यावरच उलटला. तू सांगायचीस तशीच, हात हलवून. मी ऐकत राहिले. रागावायचे राहूनच गेले.

आता माझी काळजी. तिला दर रविवारी एकटीने जायचे आहे. पुढच्या रविवारी जरंडेश्वर, मग यवतेश्वर, मग सज्जनगड. “घराभोवती एवढे डोंगर असताना मी ते खिडकीतून का बघायचे?” असे ती विचारते, आणि मला उत्तर सापडत नाही. मी भीती सांगू लागले की ती एकेक खोडून काढते. निसरड्या वाटेसाठी चांगले बूट आहेत, आग्यामोहोळ कोठे आहे ते रोज चढणाऱ्या आजोबांनी तिला दाखवले आहे. पण माझी खरी भीती वाटेची नाही, माणसांची आहे. आडबाजूला बाटल्या घेऊन बसलेली टोळकी मी आज पाहिली. आमच्या गल्लीतली मुले दहाव्या वर्षापासून पहाटे गडावर जातात, त्यांना कोणी काही विचारत नाही. मुक्ता सतरा वर्षांची आहे आणि तिने चिठ्ठी ठेवून चोरासारखे जावे लागते, हा अन्याय मला कळतो. कळूनही हात तिला सोडायला तयार होत नाहीत.

हे म्हणतात, तू बरोबर जा. मी तिला तसे म्हटले, तर म्हणाली, “तू असलीस की मी डोंगर बघत नाही, तू दमलीस का ते बघत राहते.” ती उद्धटपणे बोलली नाही, म्हणून अधिकच लागले. तूर्त एवढेच ठरले आहे की फोन बरोबर न्यायचा आणि वर पोचल्यावर कळवायचे. जरंडेश्वराचे ‘बघू’ म्हणून ठेवले आहे.

तुझ्या बदलीचे काय झाले? ओंकारचा निकाल लागला का? नागपूरचा उकाडा आता कमी झाला असेल.

मला एकच सांग, आणि माझे मन राखण्यासाठी काही लिहू नकोस. त्या दिवशी दादा आला नसता आणि तू मंगळाईपर्यंत एकटी पोचली असतीस, तर तुला तेथे भीती वाटली असती का? हे पत्र उद्याच स्पीड पोस्टाने टाकते. रविवारच्या आत उत्तर हवे आहे. शनिवारी रात्री मुक्ता विचारणारच.

तुझी,
शैला