फवारणीचे नियम लेकरांच्या अंगाने मोजा: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

कीटकनाशकाच्या डब्यावरच्या सूचना पंप पाठीवर घेणाऱ्या मोठ्या माणसासाठी असतात: हातमोजे घाला, मास्क लावा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. बांधावर बसून मातीची बोटं तोंडात घालणाऱ्या दीड वर्षाच्या लेकराला त्यात जागाच नाही. म्हणून हे पत्र.

फवारून आलेला बाप त्याच कपड्यांनी मुलाला उचलून घेतो. ते कपडे घरच्या धुण्यात पडतात. अर्धा उरलेला डबा घरातच राहतो. शिवाय घरातल्या धुळीला ऊन-पाऊस लागत नाही, त्यामुळे तिच्यात बसलेलं औषध शेतातल्यापेक्षा जास्त दिवस टिकतं. यात कृपा करून आईबापांचा हलगर्जीपणा शोधू नका. शेतावर अंघोळीची सोय नाही, डबा ठेवायला वेगळी खोली नाही, मूल सांभाळायला कोणी नाही. त्यांनी करावं तरी काय?

वजनाच्या मानाने मूल आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतं, जास्त पाणी पितं. ऑर्गनोफॉस्फेट हा कीटकनाशकांचा एक गट; त्यातल्या काही औषधांचं विष मोडणारं पॅराऑक्सोनेज हे शरीरातलं एन्झाइम लहानपणी फार कमी असतं. मेक्सिकोच्या याकी खोऱ्यात चार-पाच वर्षांच्या मुलांना माणसाचं चित्र काढायला सांगितलं होतं. फवारणीच्या सखल भागातल्या कित्येक मुलांना नुसत्या रेघोट्या ओढता आल्या; फवारणी कमी असलेल्या डोंगरपायथ्याच्या मुलांनी हातपाय-डोळे असलेली माणसं काढली. तो अभ्यास १९९८ सालचा. कॅलिफोर्नियाच्या सालिनास खोऱ्यातल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले: गरोदरपणी ज्या आयांच्या लघवीत ऑर्गनोफॉस्फेट औषधांचे अंश सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यांक सर्वांत कमी अंश असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी भरला. ही मुलं आजारी म्हणून दवाखान्यात येत नाहीत. वर्गात मागे पडतात आणि 'ढ' ठरतात.

महोदय, औषधाला परवानगी देताना आणि फवारलेल्या शेतात पुन्हा कधी शिरावं हे ठरवताना हिशेब लहान मुलाच्या वजनाने करा. शाळा आणि पाळणाघरांभोवती फवारणीमुक्त पट्टा आखा. रिकामे डबे परत घेणं कंपन्यांना बंधनकारक करा. शेतावरच अंग आणि कपडे धुण्याची सोय करायला अनुदान द्या. क्लोरपायरीफॉस हे याच गटातलं औषध युरोपीय संघाने २०२० मध्येच बंद केलं. अशी औषधं आधी काढा आणि पर्याय शेतकऱ्याला परवडेल असा द्या, नाहीतर बंदी कागदावरच राहील.

गावपातळीवरच्या डॉक्टरांचं प्रशिक्षण तर लगेच सुरू करता येईल. तीव्र विषबाधेत लहान मुलांना घाम-लाळेऐवजी नुसती सुस्ती किंवा झटकेही येतात, आणि निदान चुकतं. पुढचा फवारणी हंगाम सुरू होण्याआधी एवढं तरी व्हावं.

आपली विश्वासू,
एक शेतकरी आई