किती अंशांच्या फरकावर, तेही छापा

महोदय,

छापील नॅनोफिल्म, म्हणजे अतिशय पातळ थराची पट्टी, मनगटाला बांधली की अंगाच्या उबेवर मोबाइल चार्ज होईल, अशा बातम्या अधूनमधून वाचते. गेली चार वर्षं मी प्रयोगशाळेत अशाच फिल्म छापते आहे, म्हणून हे पत्र.

या फिल्म बिस्मथ टेल्युराइडच्या. त्याचं एक टोक गरम आणि दुसरं थंड राहिलं की वीज तयार होते. या पदार्थाची घडणच पापुद्र्यांची. एका पापुद्र्यात अणूंचे पाच थर. दोन पापुद्र्यांमधली पकड मात्र सैल. द्रवात ध्वनिलहरींचा मारा केला की ते सुटे होतात. त्यांची शाई करून प्रिंटरने लवचीक प्लास्टिकवर छापली की बरेचसे पापुद्रे आडवे, एकावर एक बसतात. शाईतला चिकट पदार्थ मात्र मधे अडकून वीज अडवतो. तो घालवायला हवा न लागू देता फिल्म तापवायची, तीही खालचं प्लास्टिक सोसेल तेवढीच. या एका पायरीवर माझे महिने गेलेत.

आता हिशेब. या पदार्थात दर अंश फरकामागे साधारण २०० मायक्रोव्होल्ट मिळतात. पट्टीच्या दोन टोकांत ५ अंशांचा फरक राहिला, तर १ मिलिव्होल्ट. म्हणजे १ व्होल्टसाठी १००० पट्ट्यांची साखळी! आणि ते ५ अंश आणायचे कुठून? १० मायक्रोमीटर जाडीचा थर त्वचेवर नुसता चिकटवला, तर त्याच्या दोन बाजूंत अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही फरक उरत नाही. म्हणून उष्णता थराच्या लांबीने वाहील अशी रचना करावी लागते.

मोजमापातही इथेच घोटाळा होतो. वीज लांबीच्या दिशेने मोजली आणि उष्णतावहन जाडीच्या दिशेने, जिकडे ते मुळातच कमी, तर पदार्थ उष्णतेपासून वीज किती चांगली करतो ते सांगणारा गुणवत्तेचा आकडा फुगतो, कारण उष्णतावहन जितकं कमी, तितका तो मोठा येतो. पहिल्या वर्षी माझ्याकडून हेच झालं. दुरुस्तीनंतर आकडा खाली आला तेव्हा मला रडू कोसळलं होतं.

तरीही या फिल्मवर माझा विश्वास आहे. कारखान्यातल्या गरम पाइपाभोवती ५० अंशांचा फरकही मिळू शकतो. तिथे तापमान कळवणारा छोटा सेन्सर बॅटरीशिवाय चालू शकेल. मला ती बातमी मोबाइलपेक्षा मोठी वाटते.

आपल्या बातमीदारांना एवढीच विनंती, की 'इतके मायक्रोवॅट' असं लिहिण्याआधी संशोधकाला दोन प्रश्न विचारावेत: किती अंशांच्या फरकावर, आणि सगळी मापनं एकाच दिशेने केली का? दोन्ही उत्तरं बातमीच्या एका ओळीत मावतात.

– एक संशोधक विद्यार्थिनी