चार्जर चालू आहे का, एवढं सांगा : ऊर्जामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ईव्ही चार्जिंग स्टेशन शोधण्याचं अ‍ॅप आणि त्यामागची माहिती

महोदय,

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलं आहे. ती सोय लोकांना सापडावी म्हणून एक अ‍ॅप काढू, असं टिपणीत कोणीतरी लिहिणारच. त्या टिपणीवर सही होण्याआधी हे पत्र वाचलं जावं, म्हणून लिहितो आहोत. चार्जर सर्व्हरला जोडणं आणि ते बंद पडले की पेटी उघडून बघणं हे आमचं रोजचं काम.

अ‍ॅपची टंचाई नाही. महावितरणचं पॉवरअप आहे, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं 'ईव्ही यात्रा' डिसेंबर २०२२ मध्ये आलं, शिवाय चार्जिंग कंपन्यांची आपापली आहेतच. मुंबईहून चिपळूणला निघालेल्या माणसाच्या फोनमध्ये पाच-सहा अ‍ॅप असतात आणि प्रत्येकाच्या वॉलेटमध्ये शे-दोनशे रुपये अडकलेले. तरीही निघण्याआधी तो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर विचारतो, "माणगावचा चालू आहे का?"

अ‍ॅपला हे सांगता का येत नाही? बहुतेक सार्वजनिक चार्जर ओसीपीपी नावाच्या ठरलेल्या पद्धतीने कंपनीच्या सर्व्हरशी बोलतात. पेटीत मोडेम, मोडेममध्ये आपल्या फोनसारखंच सिम. गनची, म्हणजे गाडीला लावायच्या प्लगची, स्थिती बदलली की चार्जर कळवतो : मोकळी, गाडी लागली, चार्जिंग सुरू, बिघाड. एरवी ठरावीक वेळाने 'मी आहे' एवढाच ठोका जातो. सिमचं रिचार्ज संपलं, अँटेना पत्र्याच्या आतच राहिला किंवा फीडर, म्हणजे त्या भागाची वीजवाहिनी, गेला, की ठोका थांबतो. सर्व्हरकडे मात्र शेवटचा निरोप 'मोकळी' असा असतो, आणि अ‍ॅप तोच हिरवा ठिपका दाखवत बसतं. मेलेला चार्जर स्वतःच्या मृत्यूची खबर कशी देणार?

यावरचा उपाय सोपा आहे. ठोका दर ५ मिनिटांनी हवा. लागोपाठ तीन चुकले की ठिपका आपोआप करडा व्हावा आणि शेजारी 'शेवटचा संपर्क ४० मिनिटांपूर्वी' असं दिसावं. एवढ्यानेही भागत नाही. गनची पिन जळलेली असते किंवा कुलूप अडकलेलं असतं. गाडी लावून चार्जिंग सुरू करेपर्यंत ते चार्जरलाही कळत नाही, ठोका मात्र व्यवस्थित चालू. म्हणून अ‍ॅपच्या पहिल्या पडद्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात एकच ओळ असावी : 'शेवटचं यशस्वी चार्जिंग : आज दुपारी १.१०, १८ युनिट'. ही ओळ वाचून चालक निर्धास्त निघतो. पंचतारांकित रेटिंग आणि फोटो नसले तरी चालतील.

आता जे फक्त सरकारकडे आहे, त्याबद्दल. सार्वजनिक चार्जिंगसाठी वीजदराची वेगळी वर्गवारी आहे. म्हणजे त्या वर्गवारीतल्या प्रत्येक जोडणीला मीटर आहे आणि ग्राहक क्रमांक आहे. ग्राहक क्रमांक आणि त्यापुढे गनचा क्रमांक, हीच चार्जरची ओळख ठरवा. आज एकच चार्जर तीन अ‍ॅपमध्ये तीन नावांनी दिसतो आणि कधीच उचलून नेलेलाही नकाशावर उभा असतो. हा गोंधळ एका फटक्यात मिटेल. स्मार्ट मीटरवर आठवडाभरात वापर जवळजवळ शून्य दिसला, की तो चार्जर तपासणीच्या यादीत. आणि पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहणार, हे महावितरणला आधीच माहीत असतं, ग्राहकांना एसएमएसही जातो. तोच एसएमएस अ‍ॅपला का जाऊ नये? कुठल्याही खासगी अ‍ॅपकडे ही माहिती नाही. मुंबईत बेस्ट, टाटा आणि अदानीही वीज देतात, तेव्हा एकट्या महावितरणला सांगून भागणार नाही. वीज कायद्याच्या कलम १०८ खाली लोकहिताच्या धोरणात्मक बाबींवर राज्य सरकार वीज नियामक आयोगाला निर्देश देऊ शकतं. थेट माहिती देणं ही जोडणीची आणि अनुदानाची अट व्हावी, यासाठी तो मार्ग वापरावा.

ब्रिटनने हेच केलं. तिथल्या २०२३ च्या नियमांनी चार्जिंग कंपन्यांना थेट माहिती सर्वांसाठी खुली ठेवणं, वेगवान चार्जरांचं जाळं ९९ टक्के वेळ चालू ठेवणं आणि २४ तास मदतवाहिनी देणं बंधनकारक केलं. माहिती खुली झाली की अ‍ॅप कोणीही करू शकतं.

नकाशावरचा ठिपका हा पुढचा घोळ. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पुण्याकडे जाताना अ‍ॅप '१५० मीटरवर चार्जर' असं दाखवतं, आणि तो असतो मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला. मध्ये दुभाजक. पुढच्या एक्झिटला उतरून, वळून, परत यायचं. टोलचा आणि बॅटरीचा हिशेब वेगळाच. म्हणून प्रत्येक नोंदीत चार्जरचे नव्हे तर प्रवेशद्वाराचे अक्षांश-रेखांश हवेत, रस्त्याची बाजू हवी, तळघरात असेल तर मजला हवा आणि रात्री फाटक बंद होतं का हेही हवं.

अंतराचा हिशेबही सरळ रेषेत चालत नाही. खोपोली ते खंडाळा चढ साधारण ५०० मीटरचा. माणसांसकट १,८०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला जवळपास अडीच युनिट लागतात, मोटर-बॅटरीतली गळती धरून पावणेतीन. सपाटीला युनिटमागे ७ किलोमीटर देणाऱ्या गाडीचे हे झाले १९ किलोमीटर, आणि घाट स्वतः जेवढा लांब आहे तो याशिवाय. अ‍ॅपने चढ मोजला नाही तर 'पोहोचाल' म्हणून सांगितलेली गाडी अमृतांजन पुलाच्या जागेपाशी कासव होते. घाटात नेटवर्कही धड नसतं, तेव्हा पुढच्या १०० किलोमीटरची यादी फोनमध्ये आधीच उतरलेली असावी.

पाटीवरच्या किलोवॉटबद्दल थोडक्यात. '६० किलोवॉट' लिहिलेल्या दोन गनच्या चार्जरवर दुसरी गाडी लागली की बऱ्याचदा दोघांना तीस-तीस मिळतात. अ‍ॅपने या क्षणी किती मिळतील ते दाखवावं. जुने भारत डीसी-००१ प्रकारचे चार्जर १५ किलोवॉटचे, त्यांची गन सीसीएस-२ पद्धतीचं सॉकेट असलेल्या आजच्या गाडीला बसतच नाही. गाडीचं मॉडेल एकदा विचारून न बसणारे ठिपके लपवून टाकावेत. दर १८ टक्के जीएसटी धरून, युनिटमागे, एकच आकडा. पैसे यूपीआयने, वॉलेट न भरता.

सुरुवात सगळ्या राज्यात करू नये. द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि पनवेल ते सावंतवाडी हे तीन रस्ते पुरेत. तिसऱ्यावर खरी परीक्षा गणपतीत होते : चाकरमान्यांच्या गाड्या एकाच रात्री निघतात, चार्जरपुढे रांग लागते, आणि शंभर टक्के भरलेली गाडी गनला तशीच लावून मालक जेवायला गेलेला असतो. ऐंशी टक्क्यांपुढे वेग तसाही घसरतो. रांग असेल तेव्हा तिथेच थांबवण्याची सूचना आणि भरून झाल्यावर १० मिनिटांनी थांबा-शुल्क, हे दोन्ही अ‍ॅपमध्ये पहिल्या दिवसापासून असावं.

आणि गणपतीच्या पंधरा दिवस आधी विभागाची एक इलेक्ट्रिक गाडी पनवेलहून सोडावी. प्रत्येक गन लावून एकेक युनिट भरून बघावं. जी गन ते देणार नाही, तिचा ठिपका त्याच संध्याकाळी करडा करावा आणि तिच्या मालकाला नोटीस जावी.

आपले,
चार्जिंगच्या सॉफ्टवेअर आणि देखभालीत काम करणारे काही जण