सूचना : लहान मुलांचा पिकलबॉल वर्ग येत्या शनिवारपासून

सर्व सभासदांना नमस्कार.

६ ते १० वर्षांच्या मुलांसाठी पिकलबॉलचा, म्हणजे सपाट बॅटने (पॅडलने) छिद्रांचा प्लास्टिक बॉल नेटपलीकडे मारायच्या खेळाचा, वर्ग सुरू होतोय. दर शनिवारी-रविवारी सकाळी ७.३० ते ८.३०, सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टवर. पिकलबॉलचं कोर्टही तेवढंच, ४४ बाय २० फूट, त्यामुळे फक्त आतल्या रेषा नव्याने आखल्या आहेत. नेट मात्र बरंच खाली, मधोमध ३४ इंचांवर येईल.

सुरुवातीला सामने नाहीत. मुलं आधी पॅडलवर बॉल टपटप उडवतील, मग एक टप्पा पडू देऊन हलकेच पलीकडे ढकलतील. सर्व्हिस खालूनच. नेटलगतच्या ७ फुटी पट्ट्यात, म्हणजे 'किचन'मध्ये, उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारायचा नसतो, आणि मुलांना नेमका तोच मोह होतो. अशा वेळी पालकांनी बाहेरून "मार, मार!" ओरडू नये, ही कळकळीची विनंती. या वयात जोरापेक्षा नजर आणि पावलं बसणं महत्त्वाचं.

डोक्यावरून गेलेल्या बॉलसाठी मुलं उलटी पळतात आणि पडतात. वळून पळायला पहिल्याच दिवशी शिकवू. तेव्हा बूट घट्ट लेसचेच हवेत, क्रॉक्स किंवा सँडल चालणार नाहीत. पॅडल आम्ही देऊ, महागडं विकत घ्यायची घाई नको.

एका वर्गात ८ मुलं. नावं गुरुवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका. पुण्याच्या पावसाचा भरवसा नाही. कोर्ट ओलं असेल तर वर्ग रद्द, सकाळी ६.३० पर्यंत कळवू.

– क्रीडा समिती